तिसऱ्या नावाची दवंडी

अख्ख्या सातारा जिल्ह्यात मेलेल्या माणसांची रोज सकाळी हजेरी घेणारा एकच माणूस होऊन गेला असेल, आणि तो माझा घरमालक होता. मी त्या गावच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा दुसरी लढाई नुकतीच संपली होती आणि घरमालकांची पहिली अजून चालू होती. त्या पहिल्या लढाईत ते इराकात बसऱ्याला गेले आणि लान्सनाईक होऊन परतले. पुढची बढती गावानंच दिली. मी आलो तोवर ते सुभेदार झाले होते. धोतराखाली पलटणीचे बूट घालून ते पहाटे अंगणात उभे राहत आणि बैलांना नावानं पुकारत. बैलानं मान हलवली की मगच वैरण पडे. एकदा ढवळ्या काही केल्या मान हलवीना, आणि स्वारीही त्याच्यासमोरून हलेना. शेवटी सुभेदारीणबाईंनी मागून पेंडीचा तुकडा दाखवून त्याची हजेरी लावून दिली.

भाडेकरूची गत फारशी निराळी नव्हती. रविवारी माझ्या खोलीची पाहणी होई. घोंगडीची घडी वाकडी दिसली की ती मोडून पुन्हा घालावी लागे, आणि फायनलची परीक्षा पहिल्या वर्गात पास होऊनही ती घडी मला शेवटपर्यंत साधली नाही. उसाच्या सऱ्या वाकड्या दिसल्या तर ते परक्याच्या शेतात शिरून मालकाची खरडपट्टी काढत. भाकरीला ते राशन म्हणत. "लढाई सरकारनं कवाच संपवली," सुभेदारीणबाई मला सांगत, "पर ह्यास्नी कुणी कळवलंच न्हाई."

पण त्यांचा खरा जीव गुंतला होता तो चावडीच्या भिंतीत बसवलेल्या पाटीत. पांढऱ्या दगडावर कोरलं होतं, की या गावातून एकवीस माणसं महायुद्धात गेली आणि त्यांतली तीन कामी आली. बस्स, एवढंच. नाव एकाचंही नाही. सुभेदार रोज सकाळी पाटीसमोर टाचा जुळवून दोघा मेलेल्यांची नावं खणखणीत आवाजात घेत आणि तिसऱ्याच्या जागी नुसतेच थांबत. तिसरा कोण हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि गावालाही. त्यांचं ते थांबणं बघून पहिले काही दिवस मला हसू दाबावं लागे. सरकारची मोजणी चुकली असेल, असं मी एकदा बोलून गेलो, तर दोन दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला. त्यात नव्या लढाईची नवी पाटी येणार अशी आवई उठली, आणि त्यांची नजरही अधू होत चालली होती. "नवी पाटी आल्यावर जुनीकडं कोन बगतंय? मी गेलो की त्यो तिसरा कायमचा गेला, मास्तर," ते म्हणाले. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

शेवटी त्यांनी दवंडी द्यायचं ठरवलं. दवंडीवाला महारवाड्यातला, पन्नाशीचा, शांत माणूस. पहिल्या लढाईत ज्याच्या घरचा माणूस गेला असेल त्यानं सुभेदारांकडे यावं, असं पुकारत तो तीन दिवस आळीआळीतून हलगी वाजवत फिरला. मी वही घेऊन सोप्यात बसलो. आले ते एकेक नमुनेच. एकाचा आजा म्हणे पलटणीत जायला निघाला, पण वाटेतच प्लेगनं गेला; निघाला तर होता, मग धरा की, असं त्याचं म्हणणं. एका बाईनं आपला नवरा सांगितला, तर तो मुंबईला गिरणीत असल्याचं तिच्या शेजारणीनं तिथल्या तिथं जाहीर केलं. माझ्या लेखी मेलाच की तो, असं म्हणून बाई फणकाऱ्यानं निघून गेली. सुभेदारांनी सगळ्यांची उलटतपासणी घेतली आणि सगळ्यांना परत पाठवलं.

तिसऱ्या दिवशी दवंडीवाला हलगी काखेला मारून परत आला आणि अंगणातच उभा राहिला.

"जी, एक इचारू का? ही दवंडी गावापुरतीच हाय, का आमच्या वाड्यातबी देऊ?"

सुभेदार आधीच वैतागले होते. तुमच्या वाड्यातलं कोण गेलंय लढाईला, असं त्यांनी तुटकपणे विचारलं.

"माजा थोरला भाऊ, गेणू. खेचरांच्या पलटणीत हुता. बसऱ्याकडंच ऱ्हायला. मेल्यावर त्याच्या नावाची सरकारची चकती आलीया, आईनं मिटाच्या मडक्यावर झाकन ठिवलीया."

मग तीन दिवस गप्प का होतास, असं सुभेदारांनी विचारलं खरं, पण त्यांचा आवाज उतरला होता.

"तुमी गावचा मानूस हुडकीत हुता, जी. मला वाटलं, आमचा न्हवं."

हे लिहिताना मला आजही लाज वाटते. त्याच वाड्यातली चार मुलं माझ्या हजेरीपटावर होती आणि त्यांना मी दाराशी वेगळं बसवत होतो. जो माणूस तीन दिवस आमचा प्रश्न गावभर ओरडत फिरला, त्याला तो प्रश्न विचारावा असं ना सुभेदारांना सुचलं, ना मला.

सुभेदारांनी बूट चढवले आणि जन्मात पहिल्यांदा ते त्या वाड्यात गेले. मागोमाग मी. गेणूची आई पार वाकली होती. तिनं मडक्यावरची चकती पदरानं पुसली आणि रीतीप्रमाणे आमच्यापुढं जमिनीवर ठेवली. सुभेदारांनी ती उचलली नाही. हात पुढं करून ते तसेच उभे राहिले. म्हातारी गोंधळून लेकाकडं बघत राहिली, आणि बऱ्याच वेळानं तिनं चकती उचलून त्यांच्या हातावर ठेवली. पितळी होती, वर सिंह होता आणि इंग्रजीत नाव. सुभेदारांना इंग्रजी येत नव्हतं. मी एकेक अक्षर लावून ते नाव वाचून दाखवलं, तेव्हा म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला.

घरी येऊन सोप्यात टेकल्यावर सुभेदार म्हणाले, "बसऱ्याच्या म्होरं पानी खेचरांवरनंच यायचं, मास्तर. पेताना आमी न्हाई इचारलं, कुणी आनलं म्हून."

मी वही उघडली आणि दोन नावांच्या खाली तिसरं लिहायला घेतलं. त्यांनी माझा हात धरला.

"खाली नगं. सत्तावीस वर्सं भाईर हुबा हाय त्यो. त्याला आदी आत घ्या."

मी नवं पान काढलं आणि सगळ्यांत वर गेणूचं नाव लिहिलं.