हॉबर्टच्या गाठी

ऑर्फा लेडफर्डने जन्मभर शिवणकाम केलं. आधी एकोणतीस वर्षं मोज्यांच्या कारखान्यात, बोटांकडची बाजू शिवायच्या यंत्रावर. कारखाना बंद पडला तेव्हा घराच्या मागच्या खोलीत मशीन टाकलं आणि झोळीखालच्या रजया शिवायला घेतल्या. आमच्या डोंगरात भर जानेवारीत झाडांना झोळ्या बांधून झोपणारी जी काही खुळी मंडळी आहेत, त्यांतल्या निम्म्यांच्या पाठी तिने गरम ठेवल्या आहेत. मीही त्यांतलाच एक. आणि एवढं करून ही बाई स्वतः एकदाही झोळीत झोपली नव्हती.

नवखा माणूस आमच्याकडे आला की हमखास एकच चूक करतो. दुकानातली सगळ्यात जाड, पिसं भरलेली झोपायची पिशवी विकत आणतो, झोळीत शिरतो, नाकापर्यंत ओढून घेतो आणि आमच्याकडे बघून हसतो. वरून तो गरमच असतो हो. पण पाठीखालची पिसं त्याच्याच वजनाने चेपून कागदासारखी झालेली असतात आणि झोळीच्या खालून डोंगरावरचा वारा मोकळा फिरत असतो. तासाभरात दात वाजायला लागतात. मग तो गुपचूप गाडीत जाऊन झोपतो आणि सकाळी सांगतो, गाडीत टॉर्च विसरला होता म्हणून गेलो होतो.

म्हणून पिसांची रजई झोळीच्या आत घ्यायची नाही, बाहेरून खाली लटकवायची. मग पिसं फुगलेली राहतात. फक्त ती पाठीला बेताने टेकली पाहिजे. सैल राहिली तर मधल्या फटीत थंडी येऊन बसते, फार आवळली तर पिसं पुन्हा चेपतात. आणि झोळीत पडलेल्या माणसाला स्वतःच्या पाठीखाली बघता येत नाही. त्यामुळे बेअरपेनच्या खिंडीत, जिथे आम्ही दर जानेवारीत झोळ्या बांधतो, आमचा एक नियम आहे. झोपण्याआधी दुसऱ्या कुणीतरी खाली हात सरकवून फट आहे का ते बघायचं. याला आम्ही नुसतं ‘हात देणं’ म्हणतो. नवराबायको भांडून आलेली असली तरी हात देतात. हात घेतल्याशिवाय कुणी झोपत नाही.

ऑर्फाचा नवरा हॉबर्ट लाकडाचा ट्रक चालवायचा. अडीचशे पौंडांचा गडी. तो आडवा झाला की दोन्ही झाडं वाकून नमस्कार करतात असं आम्ही म्हणायचो. खिंडीत बीच जातीची त्याची दोन झाडं ठरलेली होती आणि त्यांच्या शेजारची आणखी दोन तो कुणाला वापरू द्यायचा नाही. कुणी तिथे दोरी काढली की म्हणायचा, “ती ऑर्फाची आहेत.”

“ऑर्फा आहे कुठे?”

“पुढच्या वर्षी येणार आहे.”

अकरा वर्षं हे चाललं होतं. घरी ऑर्फाला विचारलं तर ती मशीनवरून मान वर न करता सांगायची, “लहानपणी नऊ जण एका खोलीत कुडकुडलो. आता घरात शेगडी आहे, तर डोंगर चढून कुडकुडायला जाऊ होय?”

“अगं, कुडकुडत कोण?” हॉबर्ट म्हणायचा. “तुझीच तर रजई आहे. रात्रभर पाठ अशी गरम असते, जसं कुणी मागे झोपलंय.”

“बघू पुढच्या वर्षी. जानेवारीतच सगळ्यांना रजया हव्या असतात.”

ते खरंही होतं. आम्हीच तिला शिवायला बसवायचो आणि आम्हीच ती येत नाही म्हणून तिला चिडवायचो. गेल्या एप्रिलमध्ये हॉबर्ट अंगणात लाकडं फोडता फोडता पायरीवर टेकला, तो पुन्हा उठला नाही.

या जानेवारीत ऑर्फा आली. आमच्यातली शेल्बी इस्पितळात नर्स आहे, तिने तिला गाडीतून पायथ्याशी आणलं आणि दीड मैल हळूहळू चढवलं. ऑर्फाच्या पाठीवर हॉबर्टचीच पिशवी होती आणि ती तिच्या गुडघ्यांपर्यंत येत होती. बर्फ फार नव्हतं, पण थंडी अशी की झऱ्यावरून आणलेलं पाणी डब्यातच गोठायला लागलेलं. मी शेगडीवर बीन्सचं सूप ठेवलं होतं. तिने ते चाखलं आणि नाक मुरडलं.

“डेल्मर, यात मीठ आहे की तू नुसता तसा विचार केलास?”

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, बाई ठीक आहे.

मी तिला शेजारची दोन झाडं दाखवली. इतक्या वर्षांत कुणी तिथे दोरी बांधली नव्हती, सालीवर एक ओरखडा नव्हता. तिने दोन्ही बुंध्यांवरून हात फिरवला आणि तशीच पुढे गेली.

“ही राहू देत,” ती म्हणाली. “मला त्याच्या जागी झोपायचंय. तो काय म्हणायचा ते मला एकदा बघायचंय. ते बघितल्याशिवाय मला चैन नाही.”

झोळी मी आणि शेल्बीने बांधली. रजई मात्र तिने स्वतः पिशवीतून काढली. हिरवी, कडा काळ्या, अकरा वर्षांची. रजईच्या दोन्ही टोकांना लवचिक दोऱ्या होत्या आणि त्यांवर दोन गाठी तशाच होत्या, गेल्या जानेवारीत मारलेल्या.

“या त्याच्या हातच्या आहेत,” ती म्हणाली. “घरी आल्यावर त्याने पिशवी खिळ्याला अडकवली, ती मी काढलीच नव्हती.”

तिने दोऱ्या गाठींसकट झोळीच्या टोकांना अडकवल्या आणि दिवस असतानाच आत शिरून पाहिलं. मी हात दिला. माझा हात कोपरापर्यंत आत गेला आणि तरी कुठे टेकला नाही. झोळीत हॉबर्टच्या निम्म्या वजनाचं माणूस होतं आणि त्या गाठी हॉबर्टच्या वजनाला बेतलेल्या होत्या.

“मावशी, फट आहे,” शेल्बी खाली वाकून म्हणाली. “एवढ्या फटीत माझा कुत्रा झोपेल. गाठी वीतभर आत घ्याव्या लागतील.”

“नाही.”

“अहो, पण...”

“गाठींना हात लावायचा नाही,” ऑर्फा म्हणाली. “त्याने मारलेलं आता एवढंच राहिलंय. शर्ट धुतले, ट्रक विकला. या दोन गाठी मी सोडू देणार नाही.”

शेल्बीने माझ्याकडे बघितलं. मी सूप ढवळायला गेलो.

आता मला सांगायला हवं, की त्या गाठी हॉबर्टने मारलेल्या नव्हत्या. त्या मी मारल्या होत्या.

गेल्या जानेवारीत, याच जागी, हॉबर्टने हातमोजे काढले आणि त्याची बोटं पांढरीफटक पडलेली मला दिसली. दोरी हातातून निसटत होती. त्याने तीन वेळा प्रयत्न केला आणि मग झाडाला टेकून उभा राहिला. घरी शेगडीपाशी बोटं चालतात, म्हणाला, थंडीतच रुसतात, दोन वर्षं झाली. “ऑर्फाला बोलू नकोस. तिला कळलं तर ती मला येऊच देणार नाही. आणि मी आलो नाही, तर ती तरी कशाला येईल?” मी कबूल केलं. तो आत जाऊन पडला आणि मी बाहेर उभा राहून तो सांगेल तशा गाठी मारल्या. ही गोष्ट मी पोटात ठेवली. तो गेल्यावरही ठेवली, कारण मेलेल्या माणसाला दिलेला शब्द परत कुणाला करायचा?

आमच्याकडे जानेवारीत साडेपाचला अंधार पडतो आणि सातला सगळे आपापल्या झोळ्यांत असतात. ऑर्फाने दोन जोड मोजे घातले, गरम पाण्याची बाटली लोकरीच्या टोपीत घालून पायाशी घेतली, सगळं अगदी रीतसर. या गोष्टी तिने हजार गिऱ्हाइकांना सांगितलेल्या आहेत. शेल्बीने तिच्यावर स्वतःचा जादा कोट टाकला. वरून कितीही टाका, उपयोग नव्हता. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं आणि सगळ्यात जास्त ऑर्फाला ठाऊक होतं.

आठ वाजता शेकोटीत कुणीतरी काटक्या टाकल्याचा आवाज आला. मी डोकं बाहेर काढलं. ऑर्फा ओंडक्यावर बसली होती, पाठ विस्तवाकडे करून. तिचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं ती रडतेय. जवळ गेलो तर ती थंडीने कुडकुडत होती.

“गाठी सोडूया,” मी म्हटलं.

“मी इथेच बसते सकाळपर्यंत.”

“बासष्ट वर्षांची आहेस तू. सकाळपर्यंत बसलीस तर शेल्बी तुला उचलूनच खाली नेईल.”

“नेऊ दे.” तिने कोट गळ्यापर्यंत ओढला. मग म्हणाली, “डेल्मर, अकरा वर्षं तो मला ये म्हणत होता. मला काय झालं होतं रे यायला? एक रजई चार दिवस उशिरा गेली असती तर तुमच्यातलं कोण मरणार होतं? आता मी त्याच्या जागी येऊन पडले, तर तिथे नुसती पोकळी आहे. पाठीमागे कुणी नाही. वाराच आहे.”

मला तिचा राग आला होता. हॉबर्टचाही आला होता, मला यात अडकवून गेला म्हणून. वाटलं, सांगितलं तर ही बाई कोसळेल. नाही सांगितलं तर माझ्या दोन गाठींपायी गारठून आजारी पडेल, आणि सकाळी मी कॉफी पीत तिच्याकडे बघत बसेन.

“त्या गाठी त्याच्या नाहीत,” मी म्हटलं. “माझ्या आहेत.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी बोटांचं सांगितलं, तीनदा निसटलेल्या दोरीचं सांगितलं, शब्द दिल्याचं सांगितलं. दोन वर्षं हे चाललं होतं, तेही सांगितलं.

“दोन वर्षं,” ती म्हणाली.

“हो.”

“मी रोज त्याच्यासमोर जेवायला बसत होते. आणि बोटांचं तुला ठाऊक.”

“घरी ती चालत होती, ऑर्फा.”

“मला शिकवू नकोस.” तिने काटकी मोडून विस्तवात टाकली. शेल्बीच्या झोळीतून घोरण्याचा आवाज यायला लागला, एरवी त्यावर आम्ही हसलो असतो.

“तू गाठी मारत होतास तेव्हा तो काय करत होता?”

“आत पडला होता. टॉर्च छातीवर धरून. ‘ओढ’ म्हणायचा. ‘अजून. बस.’”

“आणि हात कुणी दिला?”

“मीच.”

“फट होती?”

“नव्हती.”

“मग रात्रभर पाठ गरम असते म्हणायचा, ते तरी खरं होतं? की तेही मला बरं वाटावं म्हणून?”

“ते खरं होतं,” मी म्हटलं. आणि ते खरंच होतं. “सकाळी त्याला उठवायला मला झोळी हलवावी लागली. उठायलाच तयार नव्हता. म्हणाला, ऑर्फाने शिवलेल्यातून बाहेर यायला जिवावर येतं.”

ऑर्फाने बाहीने नाक पुसलं. मग उठली, झोळीत जाऊन बसली, पाय वर घेतले आणि आडवी झाली. मला टॉर्चचा उजेड दिसला. तिने तो छातीवर धरला होता.

“सोड,” ती म्हणाली.

गाठी वर्षभरात घट्ट बसल्या होत्या आणि वर थंडीने ताठ झाल्या होत्या. हातमोज्यांनी जमेना, म्हणून मी ते काढले. पहिली दातांनी सोडवावी लागली. सुटलेली दोरी सरळ होईना, गाठ होती तिथे वेटोळं तसंच राहिलं. मी वीतभर आत नवीन गाठ घ्यायला लागलो.

“ओढ,” आतून आवाज आला. “अजून. अजून थोडी. बस.”

दुसऱ्या टोकालाही तसंच केलं. मग वाकून हात दिला. रजई तिच्या पाठीला टेकली होती, माझी बोटं जेमतेम आत गेली. पिसांतून तिच्या अंगाची ऊब कळायला लागली होती, आधी किंचित, मग चांगलीच.

“नाही फट,” मी म्हटलं आणि हात काढायला गेलो.

“डेल्मर.”

“काय?”

“एवढ्यात काढू नकोस.”

मी हात तसाच ठेवला. तिने टॉर्च विझवला. माझ्या दुसऱ्या हाताची बोटं उघडीच होती, ती मी काखेत घातली, गुडघा बर्फात टेकवला आणि वाकून राहिलो. कितीतरी वेळाने तिचा श्वास संथ झाला. झोपेतच ती कुशीवर वळली, जागा करून द्यावी तशी झोळीच्या कडेला सरकली, आणि तिच्या पाठीमागे एका माणसापुरती जागा रिकामी राहिली.