बिडकर सरांचा दंड

दुपारचं जेवण करून कुमुद जरा आडवी झाली आहे. झोप आलेली नाही, पण जागही पुरती राहिलेली नाही. मिटल्या डोळ्यांपुढे काल सकाळची शोकसभा पुन्हा भरते आहे. बिडकर सरांचा हार घातलेला फोटो, आणि माईकपुढे पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे जुने संचालक. सरांची सचोटी सांगताना ते मोठ्या कौतुकानं म्हणतात, "लाडक्या विद्यार्थिनीच्या नमुन्यांत घोळ आहे, हे त्यांनी स्वतः येऊन मला सांगितलं. असा माणूस पुन्हा होणे नाही."

ती लाडकी विद्यार्थिनी म्हणजे कुमुद घोडके.

तिचा सगळा अभ्यास मांसावरचा. बकरं कापल्यावर त्याचं मांस कशानं लुसलुशीत होतं आणि कशानं वातड, हा तिचा विषय. गरम असतानाच ते कोल्ड रूममध्ये ढकललं की स्नायू आखडतो, मग कितीही शिजवा, दाताला लागतं. आधी काही तास ते साध्या हवेत टांगलं पाहिजे, हे तिनं अगदी तरुणपणी प्रयोग करून दाखवलं होतं. संचालकांनी ते काम बाजूला सारलं आणि तिला कोंबड्यांच्या खाद्याच्या विभागात धाडलं. त्या संध्याकाळी बिडकर सर घरी येऊन म्हणाले होते, "मी खूप भांडलो गं तुझ्यासाठी." त्या एका वाक्यापायी ती जन्मभर त्यांच्या पाया पडत आली.

पंख्याची घरघर वाढते. ती पंख्याची नाही, कोल्ड रूमच्या मोटारीची आहे. आकड्यांना सोललेली बकरी टांगली आहेत आणि त्यांच्या मधोमध कुमुदच्या घरचं जेवणाचं टेबल. सर पाटावर बसल्यासारखे खुर्चीत मांडी घालून बसले आहेत, दर दिवाळीला बसायचे तसे.

"ये कुमुद. वाढ."

"सर, तुम्ही गेलात ना?"

"गेलो. पण भूक काही गेली नाही."

ती मटण वाढते. सर घास चावत राहतात, चावत राहतात. घास गिळवत नाही.

"वातड आहे गं."

"घाईनं गार केलं असणार," ती म्हणते.

सर ताट सरकवतात. टेबल आता टेबल नाही, तिच्या वडिलांच्या मटणाच्या दुकानातला, मांस तोडायचा ओंडका आहे. शाळा सुटली की याच ओंडक्यापाशी बसून ती गणितं सोडवायची. सर पलीकडे गिऱ्हाइकासारखे उभे आहेत, आपली पाळी यायची वाट बघत.

"माझ्या नमुन्यांत घोळ होता, सर?"

"नव्हता."

"मग?"

"महाविद्यालयाची नवी कोल्ड रूम माझ्या आराखड्यावर बांधली होती, मांस कापल्याबरोबर गार करायला. उद्घाटन तोंडावर आलेलं. तुझं खरं ठरलं असतं, तर माझं हसं झालं असतं."

"मला सांगायचं होतंत. दोघांनी बसून आराखडा दुरुस्त केला असता."

"वाटलं, तू करशील पुन्हा प्रयोग. तू काही कच्ची नव्हतीस."

"कशावर करणार होते? कोंबड्यांच्या भरड्यावर?"

सर खाली बघतात.

"माझं काम बुडवलंत, ते एक वेळ राहू दे. पण मी तुमचे उपकार मानत राहिले, सर. आणि तुम्ही मानू दिलेत. माझ्या लेकीच्या बारशाला पहिला मान तुम्हाला दिला. तेव्हा तरी घास घशात अडकायचा होता!"

ओंडका पांढरा शुभ्र होतो. प्रयोगशाळेचा ओटा. खिडकीतून ऊन येतंय, पण ते उजेडासारखं नुसतंच पडलंय, त्याला ऊब नाही. सर कोटाची बाही वर सारतात आणि दंड ओट्यावर ठेवतात, नमुना ठेवावा तसा.

"मेल्यावर स्नायू आधी ताठरतो आणि मग आपसूक सैल होतो. माझा होत नाहीये. दाबून बघ. तू सैल म्हणालीस, की सुटेन मी."

कुमुद अंगठा टेकवते. फळकुटासारखा टणक दंड, आणि गार. सरांचे डोळे परीक्षेला बसलेल्या पोराचे झाले आहेत. तिला दया येते. म्हटलं सैल, तर काय बिघडलं? ऐकायला तिसरं कोण आहे? शब्द जिभेवर येतो.

"नाही, सर," ती म्हणते. "ताठ आहे. नमुना मी चुकीचा सांगत नाही."

"बरोबर," सर हळूच म्हणतात. ते बाही खाली ओढतात, बटण लावतात आणि निघतात. चालताना त्यांचे गुडघे वाकत नाहीत.

"आई, ऊठ. चहा केलाय."

शरयू, तिची लेक, उशाशी उभी आहे. चैत्राची काहिली. घामानं उशी ओली झाली आहे. उठवायला म्हणून शरयू तिचा हात धरते आणि दचकून सोडते.

"अगं, हा अंगठा किती गार! बर्फात घातला होतास का?"

उजवा अंगठा पेरापर्यंत पांढराफटक पडला आहे, नख निळसर. कुमुद त्याच्याकडे बघत राहते. मग वाफाळता कप घेते आणि अंगठा त्याला टेकवून ठेवते. चहा निवत जातो. अंगठा गारच राहतो.