मी तीनदा ‘हं’ म्हणाले

आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगलीत झालं होतं आणि आठव्या दिवशी डोळा दाखवायला बोलावलं होतं. एरवी भाऊ नेतो. त्या दिवशी तो शिरवळच्या कंपनीत कामात अडकला, म्हणून मी रजा काढली आणि कोरेगावजवळच्या आमच्या गावातून सकाळीच त्यांना घेऊन निघाले.

आण्णांनी बावीस वर्षं फौजेत ट्रक चालवला. दुसऱ्याच्या गाडीत बसले की ते कधी सूचना देत नाहीत. चालवणाऱ्याला डिवचायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. डोळ्यावर वारं नको म्हणून ते मागं बसले. एक डोळा झाकलेला, दुसऱ्याला लांबचं धड दिसत नाही. त्यात त्यांना लघवीचा त्रास. गोळी चालू आहे, पण लागली की दम निघत नाही. हे मला माहीत होतं. घरातल्या सगळ्यांनाच माहीत आहे.

हायवेचं काम चालू होतं. उंब्रजपासून रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकची पिंपं लावलेली, नारिंगी आणि पांढऱ्या पट्ट्यांची. माझे डोळे त्या पट्ट्यांवर खिळले. एक नारिंगी, एक पांढरा, परत नारिंगी. असं काही एका लयीत दिसायला लागलं की मी आत कुठंतरी निघून जाते. हात गिअरवर जातो, पाय ब्रेकवर जातो, उसाची ट्रॉली आली की मी ओव्हरटेकसुद्धा नीट करते. गाडी व्यवस्थित चालते, म्हणून कुणाला संशय येत नाही. मलाही येत नाही.

शुद्धीवर आले ती किणी टोलनाक्याची पाटी बघून. सांगलीला वळायचा पेठनाका कधीच मागं गेला होता. आम्ही कोल्हापूरच्या वाटेवर होतो.

“आण्णा, चुकलं. पेठनाका मागं राहिला,” मी म्हणाले.

आरशात बघितलं तर ते बाहेर तोंड करून बसलेले, मांडीवर घडी केलेला टॉवेल.

“तुम्ही काही बोलला का नाही?” मी विचारलं. हे मी विचारलं, याची मला आजही लाज वाटते.

“बोललो की,” ते हळू म्हणाले. “तीनदा म्हणलं, जरा थांबीव. तीनदा तू हं म्हणालीस.”

तेव्हा मला वास आला.

ते ‘हं’ मी म्हणाले असणारच. लहानपणापासून मी अशीच उत्तरं देते. समोरच्याला वाटतं, हिनं ऐकलं.

सर्व्हिस रोडला गाडी घेतली. तिथल्या गावात एक कापडाचं दुकान दिसलं. दारात शिलाई मशीन आणि त्यामागं गळ्यात टेप अडकवलेले, पांढऱ्या दाढीचे दुकानदार. मी पँट मागितली. त्यांनी कमरेचं माप विचारलं आणि मला ते सांगता येईना. ज्या माणसानं मला वाढवलं, त्याचं माप मला ठाऊक नव्हतं.

“कुणासाठी?” त्यांनी विचारलं.

“वडिलांसाठी. गाडीत आहेत. त्यांना लगेच बदलायची आहे.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग गाडीकडं. फळीवरून नाडीचा पायजमा काढला. “ह्यो कुणालाबी हुतो,” म्हणाले आणि स्वतःच गाडीपाशी येऊन दार उघडलं. “आवं, या आत. मागं खोली हाय, पाणी हाय.”

आण्णा टॉवेल धरून उतरले. ताठ उभे राहिले. “पाण्याची बाटली सांडली बघा गाडीत,” म्हणाले.

“बाटली तर भरलेली आहे,” मी म्हणाले.

बाटली खरोखरच भरलेली होती, माझ्या सीटच्या मागच्या खिशात. कुणी चुकीचं बोललं की माझ्या तोंडून बरोबर ते निघून जातं, विचार करायच्या आधी. आण्णांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांचे कान लाल झाले होते.

“दुसरी आसंल,” दुकानदार म्हणाले. “गाडीत काय एकच बाटली आसती व्हय?” आणि आण्णांच्या दंडाला धरून त्यांना आत घेऊन गेले.

परक्या माणसाला जे एका क्षणात कळलं, ते मला मशीनशेजारी उभं राहून बऱ्याच वेळानं कळलं.

सांगलीला उशिरा पोचलो. डॉक्टरांनी डोळा बघितला, छान आहे म्हणाले. घरी आईनं पायजम्याबद्दल विचारलं तेव्हा आण्णा म्हणाले, “चहा सांडला.” मी खाली बघत राहिले. त्या वेळी तरी गप्प बसले.

पुढच्या तपासणीला ते भावाला रजा मिळेपर्यंत थांबले. “तुला कशाला तरास,” एवढंच म्हणाले.

मला ऑटिझम आहे, हे पुण्याच्या डॉक्टरांनी मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. घरी मी बोलले नव्हते. आता सांगितलं तर झाल्या प्रकाराची सबब वाटेल, म्हणून आणखी काही महिने गप्प राहिले. शेवटी एका सकाळी आण्णा ओट्यावर चष्मा पुसत बसले होते, तेव्हा सांगून टाकलं. पट्ट्यांचं, ‘हं’चं, बाटलीचंसुद्धा. रडू आलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“ह्याला औषध हाय का?”

“नाही.”

“मग तुला हाक आयकू येत न्हाई, तवा मानसानं काय करायचं?”

मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. “खांद्याला हात लावायचा,” मी म्हणाले.

“चालवताना?”

“हो. हळू.”

ट्रक चालवणाऱ्या माणसाला ते पटणं सोपं नव्हतं. “बरं,” म्हणाले.

गेल्या महिन्यात आटपाडीला एक लग्न होतं. भाऊ मोकळा होता, तरी आण्णा माझ्या गाडीत बसले, पुढच्या सीटवर. मायणीपर्यंत त्यांनी चारदा माझ्या खांद्याला हात लावला. दोनदा मी जागेवर होते. दोनदा नव्हते. त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.