एफ म्हणजे फ्रेश

खोक्यावर आकड्यांच्या शेवटी इंग्रजी एफ होता, म्हणून मी ते खोकं घेतलं. काही चुकलंय असं घरी पोचेपर्यंत वाटलंसुद्धा नाही. उलट वाटेत सिग्नलला थांबलो तेव्हा डिकी नीट लागली आहे ना, हे मी दोनदा बघितलं होतं.

सव्वीस वर्षं मी सुताच्या दुकानात कारकुनी केली. माल आला की सुताचा नंबर तपासून गठ्ठ्यांवर खडूनं अक्षर काढायचं काम माझं. एफ म्हणजे फ्रेश, एस म्हणजे सेकंड. एस लिहिलेला गठ्ठा कोपऱ्यात पडून राहायचा आणि एफसाठी कारखानदार आपसांत भांडायचे. त्यामुळे कॉम्प्युटरच्या दुकानात तो माणूस म्हणाला, "काका, बिगर एफचा प्रोसेसर संपलाय, एफवाला हाय, स्वस्तबी पडंल," तेव्हा मला त्याची कीव आली. फ्रेश माल आणि स्वस्तात विकतोय. नवीन दिसतोय धंद्यात, असं मी मनात म्हणालो.

त्यानं एक विचारलं होतं मात्र. "कार्ड हाय न्हवं तुमच्याकडं?"

मी खिशावर हात ठेवून म्हणालो, "आहे की. पण रोख देतो."

त्यानं एकदा माझ्या खिशाकडं बघितलं. मग त्यानं बिल केलं.

घरी मुलीनं खोकं हातात घेतलं, फिरवून आकडे वाचले आणि ते न फोडताच पलंगावर ठेवलं.

"अप्पा, हा एफ आहे."

"हो तर," मी म्हणालो. आवाजात थोडा रुबाब होता.

"एफ म्हणजे याच्यात चित्र दाखवायची सोय नसते. त्याला वेगळं ग्राफिक कार्ड लागतंच. आपण कार्ड सगळ्यात शेवटी घ्यायचं ठरवलंय ना, पैसे साठल्यावर? मग तोवर काय करायचं? काळ्या पडद्याकडं बघत बसायचं? मी यादीत लिहून दिलं होतं. खाली रेघ मारली होती, अप्पा. दोन रेघा."

पुढं ती बराच वेळ बोलत होती. मी दुकानदाराला काय विचारायला हवं होतं, त्यानं मला काय सांगायला हवं होतं, मोबाईलवर एक फोन करायला मला काय झालं होतं. मी मान खाली घालून उभा होतो. स्वयंपाकघरात शेंगदाणे कुटायचा आवाज बंद झाला. बायको दारात येऊन उभी राहिली, हाताला चटणी तशीच. ती माझ्याकडं बघत नव्हती. मुलीकडं बघत होती.

कारण आमची मुलगी गेले दोन महिने बोलत नव्हती.

म्हणजे मुकी झाली नव्हती. "हो", "नको", "ठेवा", एवढं बोलायची. मेडिकलच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसली आणि दुसऱ्यांदाही नंबर लागला नाही. त्या दिवसापासून ती आतल्या खोलीत गेली ती तिथलीच झाली. पुस्तकं तिनं स्वतः पोत्यात भरून माळ्यावर टाकली. मैत्रिणींचे फोन उचलले नाहीत. ताट आत न्यावं लागायचं आणि निम्मं भरलेलं परत आणावं लागायचं. नातेवाईक यायचे, बाहेरच्या खोलीत चहा पिऊन कुजबुजत सल्ले द्यायचे आणि जायचे.

मीही तेव्हा दिवसभर घरातच असायचो, पण माझं कारण वेगळं होतं. मालकांनी दुकान बंद केलं, गोदाम विकलं, मला एक शाल दिली. पण मी काही खोलीत कोंडून घेतलं नव्हतं. मी बाहेरच्या खोलीत, दार उघडं टाकून, प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचो. हा फरक मला फार मोठा वाटायचा. कुणी विचारलं तर "सध्या आराम" असं हसून म्हणायचो. घर बायकोच्या शेंगाचटणीवर आणि कडक भाकरीच्या ऑर्डरींवर चाललं होतं. मी डबे मोजून द्यायचो, त्यातही एकदा चुकलो.

एका दुपारी बायकोनं आतल्या खोलीच्या दारात बसकण मारली आणि विचारलं, "काय हवंय तुला? एकदा तोंडानं सांग. जे असेल ते देऊ." मुलगी भिंतीकडं तोंड करून झोपली होती. तशीच म्हणाली, "गेम खेळायचा कॉम्प्युटर. तयार नको. सुटे भाग आणून मी स्वतः जोडणार."

दोन महिन्यांतलं सगळ्यात लांब वाक्य होतं ते. मी खुर्चीतून "हो" म्हणालो. किती पैसे लागतात ते नंतर विचारलं आणि मग खुर्चीत जरा सावरून बसलो. एक आकडा मी सांगितला, त्याच्यावर एक रुपया नाही. त्या आकड्यात तिनं यादी बसवली. आत बसून तीन दिवस ती लिहीत होती, खोडत होती. मी आपलं यादी घेऊन सामान आणायचं, एवढंच माझं काम होतं. ते मी असं केलं.

दोन दिवसांनी बिगर एफचा माल आला, असा दुकानदाराचा फोन आला. मुलगी म्हणाली, "मी येते. तुम्ही परत काहीतरी घोळ घालाल."

ती आंघोळ करून, केस विंचरून बाहेर आली. बायकोनं तिला डब्यात दोन भाकऱ्या बांधून दिल्या, जणू ती बार्शीला निघाली होती. दुकान नवी पेठेत, आमच्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मालकांचं दुकान बंद झाल्यापासून पहिल्यांदाच.

दुकानात ती आणि तो माणूस जे बोलत होते त्यातलं मला निम्मंही कळलं नाही. तो रंगीत दिव्यांचे पंखे दाखवत होता. ती म्हणाली, "दिव्यांनी गेम पळत नाही. तेवढ्या पैशात एसएमपीएस चांगला द्या."

मी म्हणालो, "अगं, वीजच पुरवायची आहे ना त्याला? साधा घे की."

"अप्पा, आपल्याकडची लाईट कशी येते माहीत आहे ना? साधा घेतला तर एक दिवस सगळंच घेऊन जाईल."

दुकानदार मला म्हणाला, "काका, पोरीला कळतंय. तुमी बसा." त्यानं मला स्टूल दिलं. मी बसलो. बसायची सवय होतीच.

परतताना वाटेतल्या तळ्याच्या कठड्याशी सावली होती तिथं गाडी थांबवली. ती मागच्या सीटवरून उतरली नाही. माझ्या पाठीमागून म्हणाली, "अप्पा, मी तिसऱ्यांदा बसणार नाही परीक्षेला."

नको बसू, असं म्हणावं की बस एकदा, असं म्हणावं, की मला काहीच फरक पडत नाही, असं म्हणावं. शेवटी मी म्हणालो, "बरं." आणि मग लगेच, "भाकरी खातेस?"

"तुमच्याकडं बघून बोलता येत नाही," ती म्हणाली. "गाडीवर बरं आहे."

जरा वेळानं तिनं विचारलं, "तुम्हाला सुताच्या दुकानाची आठवण येते?"

"कसली आठवण? धूळ नुसती," मी म्हणालो आणि गाडीला किक मारली.

त्या दिवशी रात्री ती आमच्याबरोबर जेवायला बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आत गेली. पुन्हा "हो", "नको", "ठेवा".

तेव्हा मला ती कल्पना सुचली. आयुष्यभर मी चुका केल्या, पण चूक ठरवून करायची हे पहिल्यांदाच. यादीत पुढं रॅम होती. डीडीआर फोर, तिनं चारच्या भोवती गोल काढला होता. मी दुकानात गेलो आणि डीडीआर फाइव्ह मागितली.

"पोरीनं चार लिवलंय की, काका."

"असू द्या. पाच द्या."

"बसणार न्हाई ओ. खाचच येगळी असती."

"म्हणून तर."

मी त्याला थोडक्यात सांगितलं. सांगताना हसलो, म्हणजे हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. त्यानं पाचची पाकिटं काढली. वर म्हणाला, "सील फोडू नका तेवढं. भाव रोज चढतोय, पंचाईत व्हईल."

घरी मी आरशासमोर तोंड भोळं करून बघितलं. फारसे कष्ट पडले नाहीत. "पाच म्हणजे चारपेक्षा चांगलं, असं वाटलं मला," मी म्हणालो. मुलगी माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ओरडेल. पण ओरडली नाही. पाकीट पिशवीत परत ठेवलं आणि म्हणाली, "चला. मी चप्पल घालते."

असे आम्ही आणखी दोनदा गेलो. कॅबिनेट मी मुद्दाम बुटकं आणलं, त्यात ग्राफिक कार्ड मावलं नसतं. एसएमपीएसची वायर मी चुकीची आणली. शेवटी मी दुकानाची पायरी चढलो की तो माणूस विचारायचा, "काका, आज काय चुकीचं देऊ?"

स्कूटरवर ती मागं बसायची आणि बोलायची. कॉलेज नको आणि काय हवं तेही माहीत नाही, हे तिनं सांगितलं. परीक्षेच्या हॉलमध्ये शेवटच्या तासाला आपल्याला काहीच ऐकू येईनासं झालं होतं, हेही सांगितलं. मी "हं" म्हणायचो. शहाण्या बापानं काय उत्तरं दिली असती ती मला घरी, खुर्चीत बसल्यावर सुचायची.

ग्राफिक कार्ड नवं परवडणारं नव्हतं. पण जोडायला घ्यायच्या आधीच दुकानदाराकडं एक वापरलेलं, खिशाला झेपणारं आलं, सांगोल्याच्या कुणा मुलानं परत दिलेलं. तिनं ते दुकानातच लावून, अर्धा तास चालवून, हात लावून किती तापतंय ते बघितलं. ते घेतल्यावर यादीत काही उरलं नाही. मी कागद उलटा करून बघितला. मागं कोरं होतं.

जोडायच्या दिवशी मी फरशीवर चादर अंथरली, तर तिनं ती उचलायला लावली. चादरीवर बसून हात लावला तर म्हणे त्या पार्टांना करंट लागतो. मग बायकोनं जेवायचा पाट दिला. पाटावर मदरबोर्ड ठेवून ती काम करत होती. माझ्याकडं वाटीत स्क्रू दिले होते. प्रोसेसरवर पांढरी पेस्ट लावताना मी विचारलं, "किती लावतात?"

"शेंगदाण्याएवढी."

तेवढं मला समजलं. दोन तास लागले. बटण दाबलं तेव्हा पंखे फिरले, पण पडदा काळाच राहिला. मला वाटलं, आता परत दुकानात जावं लागेल. खरं सांगतो, मला आनंद झाला. तिनं रॅम काढून परत दाबून बसवली आणि पडद्यावर अक्षरं आली.

"झालं," ती म्हणाली.

बायकोनं कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं. मुलीनं लावू दिलं. मग सगळं उचलून आतल्या खोलीत नेलं, टेबलावर मांडलं, कानांवर हेडफोन चढवले आणि दार ढकललं. कडी लावली नाही. पण दार लागलं.

त्या दिवशी ताट आत द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशीही. "ठेवा" म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मग आठवलं की काही आणायचं नाही. तसाच खुर्चीत बसलो. आतून पंख्यांचा आवाज येत होता. चांगल्या एसएमपीएसचा आवाज कमी असतो, तरीही येत होता.

संध्याकाळी बायको डब्यांवर झाकणं लावत होती, तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं. रॅम, कॅबिनेट, वायर. म्हणालो, "पहिली चूक खरी होती. बाकीच्या मी केल्या. तिला बोलतं करायचं होतं. चुका जरा पुरवून वापरायला हव्या होत्या."

ती अक्कलकोटकडची. मी फार बोलायला लागलो की तिच्या तोंडून कानडी येतं. "साकु," ती म्हणाली, म्हणजे पुरे. मग उरलेलं झाकण हातातच धरून माझ्या शर्टाकडं बघत बसली.

"तिला रॅमच्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं ज्यानं सुताचा नंबर बघून माल दिला, तो चार आणि पाचात चुकेल होय, असं मलाच म्हणाली. मी म्हटलं, मग कशाला जातेस उन्हातान्हात? तर म्हणाली, आई, मी नाही गेले तर अप्पा त्या खुर्चीतनं उठतच नाहीत."