दाजींचा वजनदार अँप्लिफायर

आमच्याकडे अँप्लिफायर चांगला की वाईट हे तो उचलून ठरवतात. मलकापूरच्या दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, पुण्याहून भारीतला अँप्लिफायर आणला, तेव्हा मलाही तो आधी हातात घ्यायला लावला. "आवं पाव्हणं, वजन तर बघा!" जसा काही मी बाजारात बोकड घ्यायला आलो होतो. मी कण्हत तो खाली ठेवला आणि दाजी खूश झाले. गाणं अजून लागायचंच होतं.

दाजी तोफखान्यातून निवृत्त झालेले. त्या घरात सगळेच वरच्या पट्टीत बोलतात. फौजी घराची रीत असेल, असं मी धरून चाललो होतो. आवाज छातीत बसला पाहिजे, ही दाजींची एक कसोटी. दुसरी कसोटी शेजारच्या आजी. त्यांचं आयुष्य भूकंपाच्या कोयनानगरात गेलेलं, त्यामुळे मांडणीवरची भांडी थरथरली की त्या काही न विचारता अंगणात येऊन उभ्या राहतात. नव्या अँप्लिफायरवर पहिलं गाणं लागलं आणि आजी चष्मा विसरून बाहेर आल्या. ताई शरमेनं अर्धी झाली. दाजींना मात्र गॅरंटी कार्डापेक्षा हेच प्रमाणपत्र मोठं वाटलं.

त्याच सुमारास मी जेवणाच्या डब्याएवढा, कमी वॅटचा, स्वस्तातला अँप्लिफायर मागवला होता. खोलीत बसून ऐकायला एवढा पुरतो, असं मी ज्याला त्याला सांगत सुटलो. अशा बाबतीत मला गप्प बसताच येत नाही. दाजी म्हणाले, "ह्यो? ह्यो तर फुंकरीनं उडंल की!" ताईनं माझी बाजू घेतली. तिला संगीताचं काही पडलेलं नव्हतं, तिला फक्त आजींना घरात सुखानं बसू द्यायचं होतं. तिनंच अट घातली: डोळे मिटून ओळखायचं. दाजींना फरक कळला नाही, तर ते धूड दुकानात परत जाईल. दाजी एका पायावर तयार झाले.

रविवारी दोन्ही यंत्रं ताईच्या जुन्या साडीखाली झाकली आणि दाजींचेच स्पीकर दोन्हींना जोडले. जो मोठ्यानं वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, म्हणून दोघांचा आवाज मोबाइलवर मोजून सारखा केला, तोही बेताचा. मधे एक खटका, त्यावर माझं बोट.

खरं सांगायचं तर फरक मलाच कळेना. दाजींना मात्र भलताच कळत होता. "ह्यो तुमचा. पातळ हाय." तो त्यांचा होता. "आता आला बघा माझा! कसा भरून आला!" खटका मी हलवलाही नव्हता. ताईनं तोंडाला पदर लावला. विजयी भाषण कुठून सुरू करावं, याची मी जुळवाजुळव करू लागलो.

तेवढ्यात गाणं संपलं.

दाजी डोळे मिटून तसेच ताठ बसून होते. खुर्चीच्या हातावर त्यांचं बोट ताल धरत होतं. खोलीत नुसता पंखा फिरत होता.

"आता ऐका," दाजी म्हणाले, "काय साफ वाजतोय! लय साफ! ह्यो माझाच."

ताईचा पदर खाली आला. वर्षभर ती स्वयंपाकघरातून हाका मारायची, दाजी ओ द्यायचे नाहीत, आणि ती त्याला माज म्हणायची. ती माझ्याकडे बघत राहिली. मला फार वाईट वाटलं. भाषण तर कधीच विरून गेलं होतं.

"दाजी," मी ओरडून म्हणालो, "ओळखलंत! तुमचाच हाय!"

त्यांनी डोळे उघडले. "मग? मी काय म्हनत हुतो?"

मी माझा डबा काढून घेतला. ताई उठली, साडी बाजूला केली आणि त्या धुडाचं बटण तिनं स्वतः पार शेवटपर्यंत फिरवलं.

"लावा," ती म्हणाली. मग त्यांच्या कानाशी वाकून पुन्हा म्हणाली, "मोठ्यानं लावा."