तांदळाएवढं मलम

कौसल्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर गहू वाळत घालत होते. तिचा मुलगा सुनील बोलत होता. "मावशी, आई गेली. पहाटे, झोपेतच. कुणाला काही करायला लावलं नाही." मी नुसतं "बरं" म्हणाले. फोन ठेवला आणि उरलेले गहू पसरून घेतले... हातातलं काम अर्धं टाकलेलं तिला चाललं नसतं. आता त्याला सव्वा महिना झाला. परवा नातवाने विचारलं, "आजी, ती तुझी मैत्रीण नेमकी कोण होती?" नर्स होती, असं सांगून टाकलं खरं, पण तेवढ्याने माझंच समाधान होईना. म्हणून हे लिहायला बसले.

एकाहत्तर सालच्या जूनमध्ये अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्याही वरच्या अंगाला, आंबेदरा नावाच्या गावात मला शिक्षिकेची नोकरी मिळाली. मी नगर शहरातली, शिक्षकाची मुलगी, वय बावीस. एस.टी. राजूरपर्यंत, पुढे जीप मिळाली तर जीप, नाहीतर पाय. गावात पगारी बायका दोनच, मी आणि नर्स. आरोग्य उपकेंद्राच्या मागे एक खोली होती, ती दोघींना मिळून. मी पोचले तेव्हा कौसल्या दारातच उभी होती. उंच, सावळी, पदर खोचलेला. माझी ट्रंक, वळकटी, पुस्तकांचं बोचकं हे सगळं तिने एकदा पाहून घेतलं आणि म्हणाली, "बाई, पावसाळ्यात ह्या खोलीत मानूस मावत न्हाई. ह्यातलं काय काय खायचं हाय तेवढं सांगा." मला राग आला होता. पण तिने बोलता बोलताच ट्रंकेची एका बाजूची कडी उचलली होती, त्यामुळे तो दाखवता आला नाही.

ती पारनेरकडची, औटींच्या शेतकरी घरातली. कोरडवाहू मुलूख. पाण्याचा हंडा लांबून आणून पुरवून पुरवून वापरायचा, ही सवय तिच्या हाडात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर दात घासायला बसले. नगरहून आणलेली नवी टूथपेस्ट काढली, ट्यूब मधोमध धरली आणि दाबली. ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाडजूड पट्टा पडला, शिवाय थोडी पेस्ट खाली मातीतही गेली. शेजारी ती बोटाने मंजन लावत होती. तिचं बोट तोंडातच थांबलं.

"दात घासायचंत का भिंत लिपायचीय?"

मी तोंड धुऊन शाळेत गेले. संध्याकाळी शाळेतून आले तर माझ्या ट्यूबचं रूप बदललेलं. शेपटाकडून चमच्याच्या पाठीने चापून चापून सपाट केलेली, टोकाला दोन नेटक्या घड्या, सगळी पेस्ट तोंडाशी आणून ठेवलेली. मी म्हणाले, "माझ्या वस्तूला हात लावायचा नाही." ती म्हणाली, "न्हाई लावनार. पन मधी दाबू नका ओ, लई जीव तुटतो." त्यानंतर बरेच दिवस मी मुद्दाम मधोमध दाबायची, आणि ती दुसरीकडे तोंड करून दात घासायची.

तिचा जीव का तुटत होता, ते मला भाद्रपदात कळलं. त्या साली आमच्या भागात डोळ्यांची साथ आली. आधी वर्गातली दोन मुलं चिपडांनी चिकटलेले डोळे घेऊन आली, आठवड्यात निम्मा वर्ग तसाच. कौसल्याकडे डोळ्यांच्या मलमाच्या ट्यूबा होत्या, करंगळीएवढ्या, पत्र्याच्या, निमुळत्या तोंडाच्या. त्या मोजक्याच होत्या. नव्या यायच्या त्या राजूरहून जीपने, आणि पावसाने घाटातली दरड खाली येऊन रस्ताच बंद झालेला. तिने शाळेतच दवाखाना मांडला. मुलाला मांडीवर आडवं घ्यायचं, खालची पापणी अलगद ओढायची, "वर बघ, कौलात चिमनी हाय" म्हणायचं, आणि पापणीच्या आत तांदळाच्या दाण्याएवढं मलम सोडायचं. ट्यूबचं तोंड डोळ्याला लागू द्यायचं नाही. मग मनगटाला एवढासा हिसका, की मलमाचा धागा तुटला. मूल रडायच्या आधीच काम झालेलं असायचं. थंडीने मलम घट्ट झालं की ट्यूब घटकाभर काखेत धरायची. आत हवा अडकली असेल तर तोंड वर करून टिचक्या मारायच्या, नाहीतर आधी काहीच येत नाही आणि मग भसकन सगळं येतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्या वर्षी तिच्या हातून वाया गेलेल्या ट्यूबांनीच शिकवलं, असं ती सांगायची.

डोळे आलेली मुलं वाढली तशी ती एकटी पुरेना. एका संध्याकाळी माझ्यापुढे पाटी ठेवून म्हणाली, "बाई, तुमची पेस्ट काढा. आन् तांदळाचे चार दाने." चार दाणे तिने पाटीवर ओळीने मांडले. "ह्याच्या बाजूला ह्याच्याएवढीच रेघ. बसा करीत." माझी पहिली रेघ अळीएवढी झाली. दुसरी त्याहून मोठी. "अंगठ्यात जोर नगं. कोंबडीचं पिलू धरल्यागत धरा." मी वैतागून म्हणाले, "एवढी पेस्ट वाया जातेय, आता नाही का जीव तुटत?" तर म्हणते, "शिकन्यात गेलेलं वाया जात न्हाई." दिवेलागणीपर्यंत पाटी पांढऱ्या रेघांनी भरली, आणि शेवटच्या ओळीतल्या रेघा खरंच तांदळाएवढ्या झाल्या. ती पाटीवरची पेस्टही तिने टाकू दिली नाही. खरवडून वाटीत भरली. चार दिवस आम्ही दोघींनी त्याच पेस्टने बोटाने दात घासले. त्या चार दिवसांत कधीतरी आमचं 'अहो-जाहो' संपलं. मी विजू झाले आणि ती कौसा.

गावाच्या वरच्या वस्तीत सोमा नावाचा शेतकरी होता. त्याची यमुना, पाच वर्षांची. तिच्या डोळ्यात घरच्यांनी कसल्याशा पाल्याचा रस घालून बघितला होता, आणि आमच्याकडे आणली तेव्हा बुबुळावर पांढरट ठिपका दिसत होता. कौसाने कंदील जवळ धरून बराच वेळ पाहिलं. बाहेर येऊन मला हळूच म्हणाली, "ह्यो डोळा जाऊ शकतो विजू. हिला दर तीन तासानं मलम पायजे." तोवर ट्यूब उरली होती एकच, तीही अर्धी. पोरीला पावसातून ओढे ओलांडत न्यावं, तर तिला ताप. शेवटी ठरलं ते असं, की कौसाने वाट दाखवायला सोमाला बरोबर घेऊन राजूरला चालत जायचं आणि औषध आणायचं. यमुना आईसकट आमच्या खोलीत राहील. बाकीच्या मुलांचे डोळे उकळलेल्या पाण्याने पुसायचे, मलम फक्त यमुनाला. निघताना तिने डोक्यावर पानांचं इरलं घेतलं आणि ट्यूब माझ्या हातात ठेवली. मी म्हणाले, "कौसा, माझ्याच्यानं नाही होणार. मी काही नर्स नाही." ती म्हणाली, "पोरीला कुठं ठावं हाय ते?" आणि गेली. धुक्यात ती दोन इरली दिसेनाशी होईपर्यंत मी उभी होते.

पहिला दिवस चांगला गेला. दर वेळी अंगठ्याला तांदूळ आठवून द्यायची, आणि तो ऐकायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र मलम येईना. तोंडाशी सुकून बसलं होतं. ते उकळलेल्या फडक्याने पुसून काढायचं, एवढं साधं मला भीतीपोटी सुचलं नाही. यमुना मांडीवर, तिची आई समोर टक लावून... मी दाबलं. आणखी दाबलं. ट्यूब घडीच्या जागी पुष्कळदा मोडलेली, तिथेच पत्रा चिरला आणि मलम माझ्या तळहातावर आलं. हाताला लागलेलं मलम डोळ्यात घालायचं नाही, हे कौसाने दहादा बजावलेलं. यमुनाची आई म्हणाली, "संपलं व्हय बाई?" मला रडूच कोसळणार होतं, पण त्या बाईच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता, नुसती विचारणा होती. त्यामुळेच रडता आलं नाही. मी "नाही" म्हणाले आणि उठले. कौसाच्या पेटीत एक काचेची कांडी होती, ट्यूबा येण्याआधी बाटलीतलं मलम घालायची ती. स्टोव्ह पेटवला. कांडी, कात्री आणि झाकणाचा एक लहान डबा, तिन्ही उकळली. हात साबणाने कोपरापर्यंत धुतले. मग ट्यूब उभी कापून पुस्तकासारखी उघडली. आतल्या पत्र्याला जागोजाग मलम चिकटलेलं होतं, वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ. फुटलेली बाजू वगळली, बाकीचं कांडीने एका ठिकाणी ओढून डब्यात ठेवलं. दर वेळी कांडी उकळायची, टोकावर तांदळाएवढं उचलायचं, पापणीत ठेवून डोळा मिटायचा, कांडी आडवी काढून घ्यायची. यमुना म्हणायची, "बाई, गुदगुल्या होत्यात."

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना कौसा आली. गुडघ्यापर्यंत चिखल, पायात वहाण नाही, ती ओढ्याने नेलेली. पोटाशी मेणकापडात गुंडाळलेल्या ट्यूबा मात्र कोरड्या. तिने आधी डब्यात डोकावून पाहिलं. तळाशी उरलेलं मलम, शेजारी कापलेली ट्यूब. "पोट फाडलंस व्हय गं बिचारीचं!" म्हणाली आणि हसायलाच लागली. मी कालपासून धरून ठेवलेलं रडू तेव्हा फुटलं. ती हसतेय, मी रडतेय, आणि सोमाला काही समजेना. मग तिने हात धुतले, यमुनाला दारात उजेडाला घेतलं, चांगला डोळा तळहाताने झाकला आणि आपलं तोंड तिच्यासमोर आणून विचारलं, "काय दिसतं गं?"

यमुनाने डोळा बारीक करून तिचं तोंड न्याहाळलं.

"नर्सबाई, तुमच्या नाकाला चिखल लागलाय."

त्या दिवशी आमच्या खोलीत पाच माणसं जेवली. भात आणि कुळथाचं पिठलं. यमुनाच्या बुबुळावर एक बारीक डाग राहिला, पण नजर राहिली. पुढे ती माझ्या वर्गात आली, आणि फळ्यावरच्या माझ्या चुका सगळ्यांत आधी तिलाच दिसायच्या.

चौऱ्याहत्तरमध्ये माझी बदली नगरला झाली. कौसाचं लग्न पारनेरजवळच्याच गावात झालं, नवरा शेती करणारा, शांत आणि भला माणूस. तिनेही पारनेर तालुक्यात बदली मागून घेतली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. एस.टी.च्या एका बसचं अंतर, त्यामुळे येणं-जाणं कधी तुटलं नाही. तिच्या बोलण्यात मोठेपणाच्या गोष्टी नसायच्या. "कशी आहेस?" विचारलं की "झ्याक" म्हणायची, आणि ती खरंच तशी असायची. गेल्या दिवाळीत भेटलो ती शेवटची भेट. हाताला कंप सुटला होता. चहाची बशी दोन्ही हातांनी धरायला लागायची. मला वाईट वाटलेलं तिने ओळखलं. म्हणाली, "असू दे गं. लई काम केलं ह्यांनी. आता जरा नाचत्यात."

दहाव्याला मी पारनेरकडे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घराच्या ओट्यावर, तिच्या लोखंडी खुर्चीत बसले होते. निवृत्तीनंतर ती सकाळची याच खुर्चीत बसायची आणि गल्लीतल्या, वस्त्यांवरच्या बायका पोरंबाळं घेऊन यायच्या, असं सून सांगत होती. तेवढ्यात लांबच्या वस्तीवरची एक तरुण बाई आली. कडेवर वर्ष-दीड वर्षाचं मूल, एक डोळा सुजलेला, मुठीत मलमाची ट्यूब.

"नर्सबाई हायती का?"

तिला कळलंच नव्हतं. सूनबाईने सांगितलं, तशी ती पायरीवर मटकन बसली. पदर तोंडाला लावून जराशी रडली. मग म्हणाली, "डाक्टरनी मलम दिलंय. पन ह्यो वळवळतो, माझा हात कापतो. म्हनून आल्ते..."

मी आत जाऊन हात धुऊन आले. "आण इकडे," म्हणाले. मुलाला आडवं घेतलं. कित्येक वर्षांत मी हे केलं नव्हतं. पापणी ओढली, कौलाकडे बघायला सांगितलं, तर वर कौल नाही, स्लॅब होता. पण ते बिचारं वर बघत राहिलं. अंगठ्याने एवढंसंच दाबलं, मनगट वळवलं. मूल रडायचं विसरून माझ्याकडे पाहायला लागलं.

"येवढंच?" आई म्हणाली.

"एवढंच पुरतं."

"तुमी बी नर्सबाईच का?"

"नाही. मी शाळेतली बाई."

तिने मुलाला कडेवर घेतलं, ट्यूब नीट झाकण लावून पदराच्या गाठीत बांधली आणि पायऱ्या उतरून पुन्हा मागे वळली. "पाच दिवस घालायचंय, डाक्टर म्हनलेत. उद्या बी तुमी हितंच हायसा न्हवं?"

माझी पिशवी आत भरून तयार होती. दुपारच्या एस.टी.ने मी नगरला परतणार होते.

"आहे," मी म्हणाले. "सकाळी लवकर ये." आणि आत जाऊन सूनबाईला सांगितलं, की मी आणखी पाच दिवस राहतेय.