निळं पाणी नितळ झालं ती दुपार

पोरगीच्या हातात फुलपात्र, फ्रॉक पुढनं सगळा भिजलेला, आणि गच्चीवरचं काचेचं पसरट भांडं निम्मं रिकामं. तिला काखंत मारली, जिना उतरायला लागले आणि डोक्यात एकच, प्याली, माझी पोर त्ये प्रयोगाचं पाणी प्याली.

भांडी भावजींची. माझा धाकटा दीर, कॉलेजात संशोधन करायचा. मी सातवीतनं शाळा सोडलेली, मला कळायचं ते एवढंच की कपडे रंगवायच्या कारखान्यातलं रंगीत पाणी नदीला जातंय आणि हे लोक त्ये साफ करायची युक्ती शोधत्यात. काचेला कसल्यातरी पावडरीचा हात द्यायचा, पिठापेक्षा कितीतरी बारीक पावडर, डोळ्याला कण दिसायचा न्हाय. ती काच निळ्या पाण्यात बुडवून उन्हात ठेवायची. ऊन आणि पावडर मिळून रंग खातंय म्हणं. आमच्या गच्चीवर ऊन चांगलं, म्हणून भांडी तिथं. पण किती दिवस झाले, पाणी निळं ते निळंच. आत्याबाई, म्हंजे माझी सासू, भावजींना म्हणायची, एवढी नीळ वाया चाललीय तर तुझ्या बाचं धोतर तरी बुडव.

भावजी खालच्या खोलीत लिहीत बसलेले. मी रडत रडत सांगितलं. त्यांनी पोरगीचं तोंड उघडलं, जीभ बघितली.

"वहिनी, पाणी निळं हुतं का?"

"न्हाय. नितळ हुतं. शेजारचं तेवढं निळं हाय."

शेजारच्या भांड्यात पावडरीची काचच घातलेली नव्हती, म्हंजे इथला रंग पावडरीनंच खाल्लेला. ऐकलं आणि त्या माणसाचा चेहरा असा उजळला! माझ्या जिवाचं पाणी झालंय आणि हा हसतोय. जन्मात पहिल्यांदा मी दिराला अरेतुरे केलं. म्हटलं, पोरीला काय झालं तर तुला त्याच भांड्यात बुडवीन. तसा भानावर आला, अनवाणीच रिक्षा आणायला पळाला.

राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी पोट दाबलं, डोळं बघितलं, भावजींना रंगाचं नाव विचारलं. पोरगी त्यांच्या कानातली नळी ओढत बसलेली. ते म्हणाले, हा रंग पोटात गेला की लघवी हिरवी-निळी हुती. पाणी पाजत ऱ्हावा, लघवी बघा, तशी झाली की लगेच घेऊन या.

मग काय, घरातली सगळी पोरगीभोवती, मधी पांढरं भांडं. सासऱ्यांनी नातीला कधी मांडीवर घेतलेलं न्हाय, ते शूऽ शूऽ करत बसले. आत्याबाईनं मोरीतला नळ सोडून ठेवला. पोरगीला वाटलं जत्राच भरलीय, टाळ्या वाजवती. आणि मी आपली घोट घोट पाणी पाजतीय.

शेवटी मुतली. मी डोळं मिटून घेतलं. बघायचं धाडसच हुईना.

"बघ की गं," आत्याबाई म्हणाली. "पिवळी हाय. आपल्यासारखी, नुसती पिवळी."

मी त्या भांड्यावर वाकून वाकून बघितलं. पिवळी! सासरे उठले ते जिलेबी आणायलाच. शेजारीण विचारती, जिलेबी कशाची? म्हटलं, पोरगी पास झाली.

उरलेलं पाणी भावजींनी कॉलेजातल्या मशीनवर तपासलं. रंग खरंच गेलेला. त्यांचे सर खूश, पण म्हणाले म्हणं, पोरीची लघवी प्रबंधात घालता येत न्हाय.

मी विचारलं, "रंग गेला म्हंजे विष गेलं का?"

"रंग गेला एवढं नक्की," भावजी खाली बघून म्हणाले. "बाकीचं अजून बघायचंय, वहिनी."

खोटं बोलले न्हाईत, ते मला पटलं.

पुढच्या सकाळी भावजी भांडी घेऊन जिन्यापाशी उभे, परत वर ठेवू का विचारायला. आत्याबाई म्हणाली, पोर तुझी, तूच काय ते सांग. भीती हुतीच पोटात. पण आमच्या गच्चीवर, आमच्या उन्हात निळं पाणी नितळ झालं हुतं, आणि ते जगात सगळ्यात आधी माझ्या पोरीला कळलं हुतं! सुताराकडनं गच्चीच्या दाराला पार वर कडी मारून घेतली आणि भावजींना म्हटलं, ठेवा.

गल्लीतल्या बायका अजून मला येडी म्हणत्यात. तुमचं लेकरू असतं, तर तुम्ही काय केलं असतं?